पद्मिनी जगेल, पण सुट्या भागांचे काय?

मुंबई – वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या फेरनोंदणीसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये शुल्क ठरविले. मार्च २०२२ पर्यंत याच कामाला सहाशे रुपये पडत; एप्रिल २०२२ पासून पाच हजार पडू लागले होते. साडेतीन वर्षांच्या आत झालेली ही वाढ जुन्या गाड्यांच्या मालकांना झोंबणे साहजिक आहे. तथापि, हे शुल्क पाच वर्षांतून एकदा भरावयाचे असते. आपली गाडी खरोखरच रस्त्यावर ठेवू इच्छिणाऱ्या मालकाची खरी अडचण निराळी आहे. पुढची काच फुटली तर दुसरी मिळेल याची खात्री नसते. दरवाज्याचे हँडल तुटले तर बाजारात महिनोन्‌महिने शोध घ्यावा लागतो. ब्रेकसाठी जे किट मिळते ते कोणी बनविले आणि कोणी तपासले, हे सांगणारा कोणी नसतो. या वस्तू जागच्या जागी असल्याखेरीज गाडी योग्यता तपासणीत उतरत नाही. शुल्क भरण्याची वेळ त्यानंतर येते.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचेच आहे आणि ते म्हणजे प्रीमियर पद्मिनी.

शहराच्या ओळखीचा भाग बनलेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईचा निरोप घेतला. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. राज्य सरकारने टॅक्सीला आधी २००८ मध्ये पंचवीस वर्षांची आणि पुढे २०१३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा घातली. त्या हिशेबाने ही गाडी सेवेतून बाहेर पडली. त्या दिवसांत वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून बरेच हळवे लिहिले-बोलले गेले. एखादी टॅक्सी जतन करून ठेवावी, अशी मागणीही झाली. परंतु या निरोपाचा एक परिणाम त्या वेळी फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. टॅक्सी रस्त्यावर होती म्हणून तिचे सुटे भाग बाजारात होते. ती गेली आणि खासगी पद्मिनीला लागणाऱ्या भागांची मागणी हजारांवरून काही डझनांवर आली.

टॅक्सीच्या आधारावर उभा बाजार

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या तयार होत. इटलीच्या फियाटशी सहकार्य झाल्यावर १९५० च्या दशकात फियाट ११०० येथे बनू लागली आणि १९६४ मध्ये तिचे नवे रूप ‘११०० डिलाइट’ या नावाने बाजारात आले. फियाटशी असलेला करार संपल्यानंतर १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत, पुढचे बाक सलग. किरकोळ फेरफार वगळता ही गाडी एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत तशीच बनत राहिली. तिचे मूळ इटालियन रूप तोवर स्वतःच्या देशातून केव्हाच बाद झाले होते. स्पर्धेविना चाललेल्या उद्योगाची ही अधोगती होती, अशी टीका त्या काळात झाली आणि ती अनाठायी नव्हती. पण त्याच अपरिवर्तनीयतेमुळे १९६६ च्या गाडीचा भाग १९९६ च्या गाडीला बऱ्याच अंशी बसे. कोणत्याही मिस्त्रीला ती गाडी डोळे मिटून उघडता येई.

टॅक्सी दिवसाचे बारा-पंधरा तास धावे. तिचे क्लच, ब्रेकचे लायनर, किंगपिन, सायलेन्सर हे सतत झिजत. त्यामुळे हे भाग बनविणारे लहान कारखाने, विकणारी दुकाने आणि बसविणारी गॅरेजे यांचे एक जाळे उभे राहिले. ऑपेरा हाऊस परिसरातील सुट्या भागांची दुकाने, कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरील जुन्या गाड्या सोडविणारे व्यावसायिक आणि भेंडीबाजारालगतचा चोर बाजार हे या जाळ्याचे तीन ठळक बिंदू. पहिल्या ठिकाणी नवा माल मिळे, दुसऱ्या ठिकाणी वापरलेला, आणि तिसऱ्या ठिकाणी जे कुठेच मिळत नाही ते नशिबाने मिळे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, दिल्लीतील काश्मिरी गेट आणि मायापुरी, चेन्नईतील पुदुपेट ही अन्य नावे या क्षेत्रातील जाणकारांच्या तोंडी असतात.

कुर्ल्याचा कारखाना बंद पडला. त्या जमिनीवर कोहिनूर सिटी ही वसाहत उभी राहिली. म्हणजे ज्या ठिकाणी या गाडीचे मूळ साचे आणि आराखडे होते, ते ठिकाणच उरले नाही. तरीही पुढे वीस वर्षे सुटे भाग मिळत राहिले, कारण टॅक्सी चालू होती. आता तोही आधार सुटला आहे.

काय मिळते, काय मिळत नाही

सुट्या भागांची टंचाई सरसकट नसते, हे येथे समजून घेणे आवश्यक आहे. बाहेरच्या माणसाला वाटते की इंजिन हा सर्वांत अवघड भाग असणार. प्रत्यक्षात अनुभव बहुधा उलट येतो.

बेअरिंगचे उदाहरण घ्यावे. बेअरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो आणि तो आकडा जगभर एकच अर्थ सांगतो. ६२०३ असा आकडा असेल तर आतले भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर आणि जाडी १२ मिलिमीटर. मग ते बेअरिंग गाडीसाठी मागा की पिठाच्या गिरणीसाठी, दुकानदाराला फरक पडत नाही. ऑइल सीलचेही तसेच. माप नेले की वस्तू मिळते. अनुभवी मिस्त्री म्हणूनच दुकानात गाडीचे नाव सांगत नाही. गाडीचे नाव सांगितले की ‘नाही’ असे उत्तर येते, माप सांगितले की डबा पुढे येतो.

दुसरा वर्ग घडविता येणाऱ्या भागांचा. किंगपिनचे बुश गनमेटलच्या गजातून लेथवर काढता येतात. झिजलेला इंजिन ब्लॉक बोअरिंग करून वाढीव मापाचे पिस्टन बसविता येतात. ती मर्यादाही ओलांडली की आत नवा लायनर ठोकून मूळ मापावर परत येता येते. तळाचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडता येतो. या कामांना सुटा भाग लागत नाही, हात लागतो. मुंबई-पुण्यात असे हात अद्याप आहेत, पण ते पन्नाशी-साठीच्या पुढचे आहेत. नव्या पिढीतील तंत्रज्ञ संगणक जोडून दोष वाचण्यात तरबेज असतो. कार्बोरेटरचा जेट किती छिद्राचा हवा हे त्याला शिकविलेलेच नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही.

खरी अडचण येते ती तिसऱ्या वर्गात. पुढची वक्र काच, तिच्या भोवतीचे रबरी बीडिंग, ग्रिल, चाकावरच्या टोप्या, बंपरच्या पट्ट्या, दिव्यांच्या काचा, वेगमापक, दरवाज्याची हँडले. सपाट काच कोणीही कापून देतो. वक्र काचेला साचा लागतो. रबराच्या बीडिंगचा छेद नेमका त्याच आकाराचा असावा लागतो, अन्यथा पहिल्याच पावसात पाणी आत येते. मुंबईच्या पावसात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे, कारण आत आलेले पाणी तळाचा पत्रा खाते आणि गाडी वरून चकचकीत दिसत असताना खालून संपते. हँडले जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असत. त्या धातूला वयाप्रमाणे फोड येतात, तो ठिसूळ होतो आणि त्याला धड झाळणही बसत नाही. जो भाग झिजत नाही असे मानून कोणी साठवून ठेवला नाही, तोच भाग आज सर्वांत दुर्मीळ झाला आहे.

म्हणूनच या शोधात एक वेगळीच भाषा आणि वेगळेच ठोकताळे तयार झाले आहेत. दुकानाच्या माळ्यावर वीस-पंचवीस वर्षे पडून राहिलेला, कधीच न वापरलेला कंपनीचा माल ही सर्वांत मौल्यवान वस्तू. तो अस्सल आहे की नंतरची नक्कल, हे खोक्यावरून ताडले जाते. उदाहरणार्थ, ‘मायको’ या नावाने स्पार्क प्लग विकणाऱ्या कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाले. त्यामुळे जुन्या नावाचे खोके दिसले की त्याचे वय अंदाजे ठरते. अर्थात खोके जुने आणि आतला माल नवा, हा प्रकारही बाजाराला अपरिचित नाही. शिवाय रबराचा भाग मूळ खोक्यात पंचवीस वर्षे राहिला असेल तर तो अस्सल असूनही निकामी असतो. ब्रेकच्या रबरी वॉशरबाबत हा मोह जिवावर बेतू शकतो. जुन्या मालाच्या प्रेमात पडलेले हौशी लोक हे विसरतात, असे म्हणण्यास जागा आहे.

पन्नाशीची अट

सरकार जुन्या गाड्यांच्या विरोधात आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून प्रथमच ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू करण्यात आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ती मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. त्यानंतर पाच हजार रुपयांत पाच वर्षांचे नूतनीकरण. ‘व्हीए’ या अक्षरांची खास पाटीही ठरविण्यात आली. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. यात गैर काही नाही.

अडचण पन्नास या आकड्यात आहे. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये या वर्गात आली. १९८५ ची गाडी येण्यास २०३५ उजाडेल आणि २००० ची गाडी २०५० मध्ये येईल. तोवर कायद्याच्या दृष्टीने ती निव्वळ जुनी मोटार असते. तिला दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, राज्याचा पर्यावरण कर आणि योग्यता तपासणी हे सर्व लागू होते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, ऐतिहासिक वाहनासाठी तीस वर्षांची अट मानली आहे. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांच्या सुस्थितीतील गाड्यांना खास पाटी मिळते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर रस्ता कर माफ होतो. भारताने पन्नास का निवडले, याची कारणे काहीही असोत. तिशी ते पन्नाशी हाच गाडीच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा काळ असतो. या काळात ती नवी नसते, किमती नसते आणि तिच्या भागांचा बाजारही आटत असतो. तो काळ ओलांडून जी गाडी येते, तिलाच कायदा वारसा म्हणतो.

याच नियमातील दुसरी अट अधिक बोचरी आहे. गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, असे नियम सांगतो. तत्त्वतः ही अट योग्यच आहे. परंतु मुंबईच्या पद्मिनींचा इतिहास पाहिला तर कितीतरी गाड्यांत डिझेल इंजिन बसविले गेले, पुढे न्यायालयाच्या आदेशानंतर टॅक्सींना सीएनजीची टाकी लावावी लागली. खासगी मालकांनी मूळ इंजिनाचे भाग मिळेनात म्हणून दुसरेच इंजिन बसविले, हीही उदाहरणे गॅरेजांमध्ये पाहायला मिळतात. ज्या भागाअभावी बदल करावा लागला, त्या बदलामुळेच गाडी वारशाच्या यादीतून बाद होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची नोंद लागते. दुसऱ्या पद्मिनीचे अस्सल इंजिन मिळाले तरी ते कोणत्या गाडीचे, ती गाडी कायदेशीररीत्या मोडीत निघाली काय, याचे कागद भंगारवाल्याकडे सहसा नसतात.

किलोवर मोजली जाणारी गाडी

येथे भंगार धोरणाचा संबंध येतो. या धोरणाची घोषणा २०२१ च्या अर्थसंकल्पात झाली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. दिल्ली परिसर वगळता खासगी मोटारीला केवळ वयामुळे मोडीत काढण्याची सक्ती यात नाही. तपासणीत नापास झालेली गाडी आयुष्य संपलेली मानली जाते. नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत दिल्यास मालकाला प्रमाणपत्र मिळते, त्यावर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. जानेवारी २०२५ मध्ये पर्यावरण खात्याने आयुष्य संपलेल्या वाहनांबाबत स्वतंत्र नियम काढले आणि ते एप्रिल २०२५ पासून लागू झाले. आपण विकलेल्या गाड्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली. ही जबाबदारी पार पडल्याचा हिशेब मुख्यतः परत मिळालेल्या पोलादाच्या वजनावर होतो.

सुट्या भागांच्या दृष्टीने नेमका हाच मुद्दा कळीचा आहे. कुर्ल्याचा किंवा मायापुरीचा भंगारवाला गाडी विकत घेई तेव्हा तिच्याकडे तो दोनशे सुट्या वस्तूंचा संच म्हणून पाही. काच वेगळी, दिवे वेगळे, वेगमापक वेगळा, डायनॅमो वेगळा. उरलेला सांगाडा शेवटी किलोवर जाई. नोंदणीकृत केंद्राचे गणित याच्या उलट आहे. तेथे तेल, बॅटरी, वायू यांची सुरक्षित विल्हेवाट लागते, ही मोठीच जमेची बाजू. पण चाळीस वर्षांपूर्वीचे ग्रिल अलगद सोडवून, त्यावर चिठ्ठी लावून, गिऱ्हाईक येईपर्यंत फळीवर ठेवण्यात केंद्राला काही मिळत नाही. मजुरी मात्र जाते. त्यामुळे ते ग्रिल पत्र्याबरोबरच दाबयंत्राखाली जाते.

जुन्या बाजाराची बाजू घेतानाही डोळे उघडे ठेवले पाहिजेत. मेरठच्या सोतीगंज बाजारात चोरीच्या गाड्या काही तासांत सुटत, म्हणून पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये तो बंद पाडला. त्या कारवाईला आक्षेप घेण्याचे कारण नाही. चोर बाजाराचे नाव उगाच पडलेले नाही, असे कोणी म्हटले तर त्यावर वाद घालणे कठीण. परंतु अवैध बाजार बंद करताना त्या जागी वैध बाजार उभा करण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वाहनांच्या सर्व सुट्या भागांवरील जीएसटी १८ टक्के करण्यात आला. याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. ही सवलत चांगलीच आहे. मात्र जो भाग बिलावर मिळतच नाही, त्याच्यावरील कर कमी झाल्याने मालकाला काय लाभ, हा प्रश्न उरतो.

पेट्रोलही बदलले

दरम्यान आणखी एक संकट पंपावर येऊन उभे राहिले आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी गाठले. उसाच्या महाराष्ट्राला हे धोरण लाभाचे आहे, हे उघड आहे. पण इथेनॉल पाणी शोषून घेते आणि त्या काळच्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलची नळी, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केट हे सर्व भाग शुद्ध पेट्रोल गृहीत धरून बनलेले. जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच मान्य केले; हा बदल स्वस्त असून कोणत्याही अधिकृत केंद्रात करता येतो, असेही सांगितले. चालू उत्पादनातील गाडीपुरते ते खरे आहे. पद्मिनीचे अधिकृत केंद्र शोधायचे कोठे? इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. आता इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या मापाने विकत घेऊन बसविणे, हाच मार्ग उरतो. नळीचे जमते, कारण ती मापावर मिळते. पंपाच्या पडद्याचे तसे नाही.

बाहेरच्या देशांत काय होते

परदेशांत हा प्रश्न अनेकदा मूळ उत्पादकानेच हाती घेतला आहे. पोर्श आपल्या जुन्या गाड्यांचे काही दुर्मीळ भाग त्रिमितीय छपाईने काढून देते. निसान आणि टोयोटा यांनी आपल्या निवडक जुन्या गाड्यांचे भाग पुन्हा बनविण्याचे उपक्रम सुरू केले आहेत. ब्रिटनमध्ये एमजी गाडीची संपूर्ण बॉडी मूळ साच्यांवर १९८८ पासून नव्याने बनू लागली. यामागे कंपन्यांचे औदार्य आहे असे मानण्याचे कारण नाही. जुन्या गाडीची प्रतिष्ठा नव्या गाडीच्या विक्रीला उपयोगी पडते, हा सरळ व्यवहार आहे.

भारतात हा व्यवहार जमत नाही, कारण पद्मिनीच्या मागे मोटारी बनविणारा उत्पादक उरलेला नाही. अँबेसेडरचीही अवस्था वेगळी नाही. हिंदुस्तान मोटर्सचा उत्तरपाडा येथील कारखाना मे २०१४ मध्ये थांबला आणि २०१७ मध्ये ते नाव ऐंशी कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्यूजो समूहाकडे गेले. नाव विकले गेले. सुटे भाग पुरविण्याचे दायित्व नावाबरोबर गेले नाही. अँबेसेडरचे मूळ इंजिन ब्रिटनच्या ज्या घराण्यातील आहे, त्याच घराण्याचे इंजिन एमजीलाही होते, म्हणून तिच्या मालकाला इंजिनाच्या काही भागांसाठी ब्रिटनकडे तरी पाहता येते. पद्मिनीच्या मालकाला तसे इटलीकडे पाहता येते, पण तेथील गाडी आणि कुर्ल्याची गाडी यांत काळाच्या ओघात पडलेले फरक आड येतात. शिवाय वाहतूक खर्च आणि सीमा शुल्क धरले तर एका दिव्याच्या काचेची किंमत गाडीच्या किमतीशी तुलना करण्याजोगी होते.

मग हे भाग येथेच बनविता येणार नाहीत काय? कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्री देशभरातील वाहन कंपन्यांना ओतीव भाग पुरवितात. पिंपरी-चिंचवडमध्ये रबर आणि प्लास्टिकचे साचे करणारे शेकड्यांनी लघुउद्योजक आहेत. वाहनांच्या चाचणीसाठी १९६६ पासून कार्यरत असलेली एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. म्हणजे कौशल्य, यंत्रे आणि तपासणी या तिन्ही गोष्टी राज्यात उपलब्ध आहेत. आडवे येते ते संख्येचे गणित. साच्याचा खर्च दहा हजार नगांवर वाटला तर नगामागे किरकोळ असतो. पन्नास नगांवर वाटला तर कोणालाच परवडत नाही. पन्नास मालक एकत्र आले तर निदान बीडिंगसारखी वस्तू निघू शकते. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारखी जुनी संस्था आहे, पण अशा क्लबांच्या रॅलीत मान मिळतो तो रोल्स-रॉइस आणि पॅकार्डला. पद्मिनीचा मालक हा बहुधा निवृत्त कारकून, प्राध्यापक किंवा वडिलांची गाडी सांभाळणारा मुलगा असतो. त्याच्यामागे संस्थान नसते.

यावर एक आक्षेप न्याय्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. जुनी गाडी धूर ओकते. महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना १९९५ पासून उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला. त्याआधीच्या पद्मिनीला तो नाही, हवेच्या गळपट्टीपासून सायलेन्सरपर्यंत तिच्यात आजच्या निकषांचे काही नाही. ती रोज कार्यालयात नेण्यासाठी चालवावी असे कोणी म्हणणार नाही. म्हणूनच वापरावर बंधन आणि जतनाला साहाय्य अशी जोडी योग्य ठरते. पन्नाशीच्या गाड्यांना नियमांनी बंधन घातले आहे. तिशीच्या गाड्यांना तेच बंधन स्वीकारण्याची मुभा दिली, म्हणजे रॅली-प्रदर्शनापुरतीच गाडी काढण्याच्या बोलीवर वेगळी नोंदणी दिली, तर प्रदूषणाचा आक्षेप बराच निवळतो. बहुतेक मालक ती बोली आनंदाने मान्य करतील, कारण त्यांची गाडी तशीही रविवारीच बाहेर पडते.

राहिला भंगार केंद्रांचा प्रश्न. त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज दिसत नाही. उत्पादन बंद पडलेल्या मोजक्या गाड्यांची यादी परिवहन खात्याने करावी. त्या यादीतील गाडी केंद्रात आली की ती दाबयंत्राखाली घालण्यापूर्वी तीस दिवस नोंद जाहीर ठेवावी, काढण्याजोगे भाग बिलासह विकू द्यावेत आणि इंजिनाबरोबर मोडीत निघाल्याचा कागद द्यावा. चोरीचा संशय आणि कागदांची अडचण या दोन्ही गोष्टी त्या एका बिलाने सुटतात. पोलादाच्या वजनात याने पडणारी घट काही किलोंची असेल.

टॅक्सीचा परवाना संपलेल्या पद्मिनींपैकी बऱ्याच गाड्या २०२३ पूर्वीच मोडीत निघाल्या. उरलेल्यांपैकी काही उपनगरांतील गॅरेजांच्या मागे, टायर काढलेल्या अवस्थेत उभ्या दिसतात. त्यांच्या काचा अजून शाबूत आहेत.